पिसवांचे औषध: कुत्र्याच्या पाठीवरून नदीच्या पाण्यापर्यंत

जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्लू टिट आणि ग्रेट टिट या तेथील दोन छोट्या पक्ष्यांची १०३ घरटी त्यांनी तपासली. हे पक्षी घरट्याला आतून प्राण्यांच्या केसांचे मऊ अस्तर लावतात. त्या केसांत कोणती कीटकनाशके आहेत, हे शोधायचे होते. उत्तर असे मिळाले, की कीटकनाशक नसलेले एकही घरटे नव्हते. फिप्रोनिल हे रसायन तर सगळ्याच घरट्यांत सापडले. ज्या घरट्यांत कीटकनाशकांचे प्रमाण जास्त होते, तेथे न उबलेली अंडी आणि मेलेली पिलेही जास्त आढळली.

ब्रिटनमध्ये शेतीत फिप्रोनिल वापरायला परवानगी नाही. मग ते घरट्यात आले कुठून? कुत्र्या-मांजरांच्या मानेवर पिसवा मारण्यासाठी टाकतात त्या थेंबांतून, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. तेथे निरोगी प्राण्यालाही वर्षभर, दर महिन्याला असे औषध घालण्याची पद्धत रुळली आहे. ती योग्य आहे का, यावर आता पशुवैद्यकांमध्येच वाद सुरू आहे.

महाराष्ट्रात चित्र निराळे आहे. येथे काही घरांत पाळीव प्राण्याला गरजेपेक्षा जास्त औषध दिले जाते, तर अनेक घरांत चुकीचे. पाऊस सुरू झाला, की कुत्रा दिवसभर अंग खाजवू लागतो, मांजराच्या पाठीवरचे केस विरळ होतात, घरातल्या मुलांच्या घोट्यांवर लाल पुळ्या दिसतात. मग शेजारी सांगतील तो साबण, दुकानदार देईल ती पावडर, गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेले औषध असे प्रयोग सुरू होतात. पंधरा दिवसांनी पिसवा पुन्हा हजर होतात आणि ‘औषधात दम नव्हता’ असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा दोष औषधाच्या ताकदीत नसतो. पिसू कशी जगते, हे लक्षात न घेता औषध निवडलेले असते.

दिसते ती पाच टक्केच

कुत्र्या-मांजरांच्या अंगावर जगभर सर्वाधिक आढळणारी पिसू ‘कॅट फ्ली’ या नावाने ओळखली जाते. नावात मांजर असले तरी ती कुत्र्यांवरही तेवढ्याच सुखाने राहते. भारतातल्या कुत्र्यांवर तिची एक जवळची बहीणही मोठ्या प्रमाणात सापडते. प्राण्याच्या अंगावर चढल्यावर काही मिनिटांतच ती रक्त प्यायला लागते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात असलेली मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत असल्याने केसांवरून घरंगळतात. प्राणी जिथे झोपतो, बसतो, अंग झटकतो, तिथे ती पडतात.

अंड्यातून निघालेली अळी प्रकाश टाळते. फरशीच्या फटी, सोफ्याखालचा कोपरा, जिन्याखालची धूळ, अंगणातली सावलीची माती या तिच्या जागा. प्रौढ पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त हे तिचे मुख्य अन्न. पुढे ती कोष विणते. हा कोष चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि तो दिसेनासा होतो. कोषातली पिसू परिस्थिती अनुकूल नसेल तर काही महिने दबा धरून बसू शकते. जवळपास हालचाल झाली, ऊब आली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की ती काही क्षणांत बाहेर येते. सुट्टीत महिनाभर बंद असलेले घर उघडताच पायांवर पिसवा चढतात, त्यामागचे कारण हेच.

पशुवैद्यकशास्त्रात एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. घरातल्या एकूण पिसवांपैकी सुमारे ५० टक्के अंड्यांच्या, ३५ टक्के अळ्यांच्या आणि १० टक्के कोषांच्या रूपात असतात. प्राण्याच्या अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा उरलेले पाच टक्के. अंगावर फक्त दहा माद्या असल्या आणि प्रत्येकीने दिवसाला ४० अंडी घातली, तरी महिन्याला १२ हजार अंडी घरात पडतात. साबणाने अंघोळ घालून त्या दहा माद्या मारल्या, तरी बाकीची फौज जागच्या जागी राहते.

यातून औषधाची पहिली कसोटी मिळते. एकदाच भरपूर पिसवा मारणारे औषध पुरेसे नाही. घरात साचलेल्या कोषांतून रोज नव्या पिसवा बाहेर येत राहतील. त्या प्रत्येकीला अंडी घालण्याची संधी मिळण्याआधी मारील, असे औषध दोन-तीन महिने खंड न पडता प्राण्याच्या अंगात किंवा अंगावर असले पाहिजे. म्हणूनच उपचार सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिसवा दिसल्या, तर औषध वाया गेले असे समजू नये. कोषांवर कोणतेही औषध फारसे चालत नाही. ते रिकामे व्हायला वेळ लागतो.

आपले हवामान पिसवांच्या सोयीचे आहे. २० ते ३० अंश तापमान आणि ७० टक्क्यांहून जास्त आर्द्रता त्यांना मानवते. हवा ५० टक्क्यांहून कोरडी झाली, तर अळ्या मरतात. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात त्यांचा जोर ओसरतो. कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्यात मात्र त्या जवळजवळ वर्षभर टिकतात.

खाजेपलीकडचे धोके

पिसवा म्हणजे केवळ खाज, हा समज महागात पडू शकतो. लहान पिल्लांच्या अंगावर त्या फार झाल्या तर रक्तक्षय होऊन पिल्लू दगावते. काही कुत्र्या-मांजरांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांना चार-दोन चावेही पुरतात. शेपटीच्या मुळाशी केस झडणे, कातडी जाड होणे, जखमा चिघळणे ही त्याची लक्षणे. अशा प्राण्याच्या अंगावर पिसू सापडेलच असे नाही, कारण तो स्वतःला सतत चाटून-चावून त्या गिळत असतो.

गिळलेल्या पिसवेतून आणखी एक पाहुणा पोटात जातो. ‘डिपायलिडियम’ नावाच्या पट्टकृमीची वाढ पिसवेच्या शरीरात होते. प्राण्याच्या गुदद्वाराभोवती किंवा विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे हलणारे तुकडे दिसले, तर ते या कृमीचे असतात. रांगत्या बाळाने चुकून पिसू गिळली, तर त्यालाही हा कृमी होऊ शकतो.

मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील मोकाट कुत्र्यांबाबतच्या आदेशात बदल केला. निर्बीजीकरण, जंतनाशक आणि लसीकरण झाल्यावर कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडावेत, असे त्यात म्हटले. रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे याला अपवाद. जंतनाशकाने पोटातला पट्टकृमी जातो, पण अंगावरच्या पिसवा तशाच राहिल्या, तर काही आठवड्यांत तो पुन्हा होतो. जंतनाशक आणि पिसवांवरचे औषध एकत्र दिले नाही, तर पहिल्यावरचा खर्च बऱ्याच अंशी पाण्यात जातो. नगरपालिकांनी आणि प्राणिमित्र संस्थांनी हे गणित मांडायला हवे. रस्त्यावरच्या कुत्र्याशी रोज अंगलट करणाऱ्या पाळीव कुत्र्याच्या मालकांनाही ते लागू आहे.

पिसवा आणि माणसांचे आजार यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यापर्यंत पसरला. उंदरावरची पिसू हा रोग माणसांत आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले. सुरुवातीला त्यावर फारसा विश्वास बसला नाही. पुढे मुंबईत काम करणाऱ्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात पुन्हा प्लेगचे रुग्ण आढळले. प्लेगची मुख्य वाहक उंदरावरची पिसू आहे. घरच्या कुत्र्याच्या पिसवा पाहून प्लेगची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र मांजराच्या पिसवांमधून मांजरांत पसरणारा ‘बार्टोनेला’ हा जिवाणू ओरखड्यांवाटे माणसाला ताप आणि गाठी देऊ शकतो. पिसवांशी संबंधित ‘रिकेट्सिया’ गटातले तापही आहेत. कारण न सापडणारा ताप असेल, तर घरात पिसवा आहेत ही माहिती डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे.

पिसू की गोचीड?

औषध निवडण्याआधी शत्रू ओळखायला हवा. बोलताना आपण पिसवा आणि गोचिडी एकाच दमात म्हणतो. पण दोन्ही वेगळ्या. पिसू हा सहा पायांचा, चपटा, तपकिरी, उड्या मारणारा कीटक. गोचीड आठ पायांची, कोळ्याच्या कुळातली. ती उडी मारत नाही, कातडीला घट्ट चिकटते आणि रक्त पिऊन मुगाच्या किंवा द्राक्षाच्या आकाराची होते. कुत्र्यांना होणारा ‘टिक फीव्हर’, म्हणजे एर्लिकिया किंवा बबेसिया या जंतूंचा संसर्ग, गोचिडींमुळे होतो, पिसवांमुळे नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी भागात आढळलेला माकडताप जंगलातल्या गोचिडींमुळे होतो.

काही औषधे पिसवांवर उत्तम, पण गोचिडींवर निष्प्रभ आहेत. नुसते इमिडाक्लोप्रिड हे त्याचे उदाहरण. गोचिडींचा त्रास असलेल्या कुत्र्याला ते दिले, तर मालक निश्चिंत आणि कुत्रा आजारी, अशी स्थिती होते.

पिसवा आहेत का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. बारीक दातांच्या फणीने प्राण्याची पाठ विंचरावी. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. डाग पडला नाही, तर साधी माती.

बाजारात काय आहे, आणि काय घ्यावे

दुकानात डझनभर नावे दिसतात, पण वेष्टनावरचा सक्रिय घटक वाचला तर ती मोजक्या गटांत बसतात. नावापेक्षा हा घटक महत्त्वाचा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या डब्यांत एकच रसायन असू शकते. ते न पाहता दोन्ही वापरले, तर मात्रा दुप्पट होते.

पहिला गट मानेवर टाकायच्या थेंबांचा. फिप्रोनिल हे त्यातले जुने आणि परिचित औषध. ते कातडीच्या तेलात पसरते, पिसवांवर साधारण महिनाभर चालते आणि गोचिडींवरही काही प्रमाणात. काही उत्पादनांत त्याच्या जोडीला मेथोप्रिन असते. ते प्रौढ पिसू मारत नाही, पण अंडी आणि अळ्यांची वाढ रोखते. घरात प्रादुर्भाव जुना असेल, तर अशी जोडी उपयोगी. थेंब टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नये. दर आठवड्याला शाम्पू लावणाऱ्या घरात या औषधाचा प्रभाव लवकर ओसरतो. ‘औषध चालले नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते.

दुसरा गट पोटातून द्यायच्या गोळ्यांचा. अफॉक्सोलेनर, फ्लुरालेनर, सॅरोलेनर आणि लोटिलेनर ही ‘आयसॉक्साझोलिन’ गटातली औषधे गेल्या दशकभरात आली. पिसू किंवा गोचीड चावली, की रक्तातले औषध तिच्या चेतासंस्थेवर काम करते. यातल्या बहुतेक गोळ्या महिनाभर, तर फ्लुरालेनर सुमारे १२ आठवडे पुरते. अंघोळीचा प्रश्न नाही, घरातल्या मुलांच्या हाताला औषध लागत नाही आणि पिसवा-गोचिडी दोन्ही मरतात. म्हणून आपल्याकडच्या कुत्र्यांसाठी पशुवैद्यकांचा कल या गोळ्यांकडे वाढला आहे. त्यांची एक मर्यादा आहे: औषध पोहोचण्यासाठी परजीवीला आधी चावावे लागते. एर्लिकियाचा संसर्ग गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच होऊ शकतो. गोचिडींचा उपद्रव फार असलेल्या भागात, त्यांना कातडीपासून दूर ठेवणारा पट्टाही लावावा का, हे पशुवैद्यकांना विचारावे.

या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये एक सूचना काढली. काही प्राण्यांत स्नायू थरथरणे, तोल जाणे आणि झटके येणे असे परिणाम दिसले होते. ही औषधे बहुसंख्य प्राण्यांसाठी सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचेही त्याच सूचनेत नमूद होते. त्याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, त्याच्या मालकाने ते आधी सांगावे आणि दुसरा पर्याय मागावा.

तिसरा गट गळ्यातल्या पट्ट्यांचा. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला ‘सेरेस्टो’ पट्टा आठ महिने चालतो. २०२१ मध्ये अमेरिकेत त्यावर मोठे वादळ उठले. पट्टा घातलेल्या प्राण्यांच्या सुमारे १,७०० मृत्यूंच्या तक्रारी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेकडे आल्याचे उघड झाले. तक्रार आली म्हणजे मृत्यू पट्ट्यामुळेच झाला, असे नसते. अनेक तक्रारींत कारण ठरवण्याइतकी माहितीच नव्हती. संस्थेने २०२३ मध्ये पट्ट्याची विक्री चालू ठेवली, मात्र परवानगीची मुदत पाच वर्षांवर आणली आणि वेष्टनावर इशारे छापायला सांगितले. या प्रकरणातून घेण्याजोगा धडा हा, की पट्टा घातल्यावर पहिले काही दिवस मान रोज तपासावी. लाली, सुस्ती, थरथर दिसली तर पट्टा तत्काळ काढावा. शिवाय रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या, घटकांचा पत्ता नसलेल्या पट्ट्यांना अशी कोणतीच तपासणी लागत नाही. ते टाळावेत.

शाम्पू, साबण आणि पावडरींचा परिणाम फार काळ टिकत नाही. अंगावरच्या पिसवा तात्पुरत्या कमी करण्यापुरता शाम्पू ठीक. उपचार म्हणून त्यावर विसंबू नये. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन ‘सगळ्यावर एकच इलाज’ म्हणून मागितले जाते. पिसवांवर त्याचा भरवसा नाही. कोली आणि तत्सम जातींच्या अनेक कुत्र्यांत जनुकीय कारणाने ते मेंदूत शिरून जिवावर बेतू शकते.

मांजरांच्या बाबतीत चुकीला माफी नाही

कुत्र्याचे औषध थोड्या मात्रेत मांजराला चालेल, हा सर्वांत घातक गैरसमज. पर्मेथ्रिन हे रसायन कुत्र्यांच्या थेंबांत असते. कुत्र्याचे यकृत ते मोडून बाहेर टाकते; मांजराच्या यकृताकडे ती क्षमता फार कमी असते. कुत्र्यासाठीच्या दाट पर्मेथ्रिनचे काही थेंबही मांजराला झटके आणून मारू शकतात. नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणे किंवा त्याला चाटणेही पुरेसे ठरते. गोचिडींवर वापरले जाणारे अमिट्राझही मांजरांसाठी विषारी आहे. सशाला फिप्रोनिल देऊ नये.

चुकून असे औषध लागलेच, तर मांजराला भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाने कोमट पाण्यात धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. सोबत औषधाचे वेष्टन न्यावे. थरथर सुरू होण्याची वाट पाहू नये.

घरगुती उपायांतही धोके आहेत. लसणामुळे कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. टी-ट्री तेल, डांबराच्या गोळ्या, फिनेल, रॉकेल हे सगळे प्राण्याच्या कातडीवर किंवा पोटात गेल्यास विषारी ठरतात. कडुनिंबाचा पाला अंथरुणात ठेवण्याने नुकसान नाही, पण प्रादुर्भाव त्याने आटोक्यात येत नाही.

ग्रामीण भागात आणखी एक वाट रुळली आहे. गुरांच्या गोचिडींसाठीचे डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचे द्रावण अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावले जाते. कृषी सेवा केंद्रातले फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडही कोणी वापरते. ‘रसायन तेच, किंमत कमी’ हा त्यामागचा हिशेब. परंतु शेतीच्या औषधातले विद्रावक वेगळे, तीव्रता वेगळी आणि ते प्राण्याच्या कातडीवर तपासलेले नसते. मंजूर नसलेल्या जागी कीटकनाशक वापरले की काय होते, ते २०१७ मध्ये युरोपने पाहिले. कोंबड्यांवरचे बारीक किडे मारण्याच्या द्रावणात बेकायदा फिप्रोनिल मिसळले गेले आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. आपल्याकडे एकेकाळी गोठ्यापासून माजघरापर्यंत सर्रास भुरभुरल्या जाणाऱ्या गॅमेक्झिन पावडरीचाही अनुभव आहे. बीएचसीवर १९९७ मध्ये आणि लिंडेनच्या वापरावर २०१३ मध्ये भारतात बंदी आली, तोवर ती दशकानुदशके घराघरांत वापरून झाली होती.

वर्षभर औषध द्यावे का?

पुन्हा ब्रिटनमधल्या प्रश्नाकडे. घरट्यांच्या अभ्यासाआधी, २०२० मध्ये, ससेक्सच्याच संशोधकांनी इंग्लंडमधील २० नद्यांच्या पाण्याच्या नोंदी तपासल्या होत्या. सुमारे ९९ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल, तर ६६ टक्क्यांत इमिडाक्लोप्रिड होते. फिप्रोनिलपासून तयार होणाऱ्या एका विषारी घटकाची सरासरी पातळी सुरक्षित मर्यादेच्या ३८ पट निघाली. पाण्यातले कीटक हे माशांचे आणि पक्ष्यांचे अन्न. त्यांना ही मात्रा घातक असते. थेंब टाकलेल्या कुत्र्याला कुरवाळल्यावर धुतलेले हात, त्याचे धुतलेले अंथरूण आणि त्याची अंघोळ या तिन्ही वाटांनी औषध सांडपाण्यात जाते, हे त्यांच्या नंतरच्या अभ्यासात दिसले. थेंब टाकल्यानंतर २८ दिवसांपर्यंत ते हाताला लागत होते.

ब्रिटनमधला निष्कर्ष जसाच्या तसा येथे उचलता येणार नाही. तिथे हिवाळा कडक, गोचिडींचा काळ मर्यादित. आपल्याकडे टिक फीव्हरने कुत्रे मरतात आणि गोचिडी बाराही महिने असतात. बाहेर फिरणाऱ्या, मोकाट कुत्र्यांच्या सहवासात येणाऱ्या कुत्र्याला वर्षभर संरक्षण देण्यामागे ठोस कारण आहे. तसेच, दहाव्या मजल्यावरच्या सदनिकेतून कधीच बाहेर न पडणाऱ्या एकट्या मांजराला दर महिन्याला थेंब टाकण्यामागे ते नाही. त्या मांजराला फणीची तपासणी पुरेशी. किनारपट्टीवरच्या आणि कोरड्या भागातल्या प्राण्याचे वेळापत्रकही एकच असू शकत नाही. कॅलेंडर पाहून औषध देण्याऐवजी प्राण्याचे वय, वजन, फिरणे, आजार, परिसर आणि ऋतू पाहून ते ठरवणे, ही भूमिका प्राण्याच्या, खिशाच्या आणि पाण्याच्या तिन्हींच्या हिताची.

पाण्याची काळजी औषध न थांबवताही घेता येते. थेंब टाकलेल्या कुत्र्याला नदी, तलाव किंवा ओढ्यात पोहायला नेऊ नये. थेंब टाकताना हातमोजे वापरावेत. रिकाम्या नळ्या नाल्यात किंवा बेसिनमध्ये धुऊ नयेत; त्या कागदात गुंडाळून घरगुती घातक कचऱ्यात द्याव्यात. पोहण्याची आवड असलेल्या कुत्र्यासाठी गोळीचा पर्याय अधिक सयुक्तिक. गोळीतले औषधही विष्ठेवाटे काही प्रमाणात बाहेर पडते. म्हणून फिरायला नेताना विष्ठा उचलण्याची सवय इथेही उपयोगी पडते.

घरासाठीचा अर्धा उपचार

औषध कितीही चांगले असले, तरी घराकडे दुर्लक्ष केल्यास ते लांबते. घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच दिवशी, ज्याच्या त्याच्यासाठी असलेल्या औषधाने उपचार सुरू करावेत. एकाला सोडले, तर तो इतरांसाठी पिसवांचे कोठार ठरतो. प्राण्याचे अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. पावसात ऊन नसेल, तर जुने गोणपाट किंवा चादर टाकून देणे उत्तम. व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर सोफ्याच्या खाचा, पलंगाखालची जागा, गालिचा रोज साफ करावा. त्याच्या कंपनांनी कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि औषध घेतलेल्या प्राण्यावर चढून मरतात. व्हॅक्यूम नसेल, तर फटींतली धूळ झाडून लगेच घराबाहेर टाकावी आणि फरशी पुसावी. अंगणात प्राणी बसतो त्या जागेवरचा पालापाचोळा काढून ऊन येऊ द्यावे. एवढ्याने बहुतेक घरांत कीटकनाशक फवारणीची गरज राहत नाही. फवारणी करावीच लागली, तर त्या वेळी प्राणी, मुले आणि माशांची टाकी घरात नसावी.

खरेदीच्या वेळी प्राण्याचे त्या महिन्यातले वजन माहीत असावे. वाढत्या पिल्लाला तीन महिन्यांपूर्वीच्या वजनाची गोळी कमी पडते. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन लहान कुत्र्यांना दिली, तर कोणत्या तुकड्यात किती औषध गेले याची खात्री नसते. बहुतेक थेंब आणि गोळ्या आठ आठवड्यांखालील पिल्लांसाठी नाहीत. त्याहून लहान पिल्लांना फणी, कोमट पाणी आणि पशुवैद्यकांचा सल्ला हाच मार्ग. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीबाबतही आधी विचारावे. महाग वाटणाऱ्या गोळीची किंमत ती जितके दिवस चालते त्याने भागली, तर वारंवार आणलेल्या शाम्पू-पावडरींशी तिची खरी तुलना होते. आठ-बारा आठवडे औषध नियमाने देऊनही पिसवा हटल्या नाहीत, तर मात्रा वाढवू नये. कोणते औषध, कोणत्या तारखेला, अंघोळ कधी आणि घरात आणखी कोणते प्राणी येतात, ही नोंद घेऊन पशुवैद्यकांकडे जावे. उत्तर बहुधा त्या नोंदीतच सापडते.